पिवळी फ्रेम आणि सोनवणे काकांचा ओव्हन

माझ्याकडे आज अकरा रेसिंग सायकली आहेत. पिंपळे गुरवच्या फ्लॅटमधली एक खोली फक्त त्यांच्यासाठी आहे. बिल्डरचा माणूस जागा दाखवताना त्या खोलीला ‘मास्टर बेडरूम’ म्हणाला, तेव्हाच मी मनात ठरवलं होतं की इथं आपण झोपायचं नाही. बायको म्हणते, या घरात माझ्यापेक्षा सायकलींनाच वारा चांगला मिळतो. खोटं नाही ते. यातली एकही सायकल मी दुकानातून उचलून जशीच्या तशी आणलेली नाही. फ्रेम एका जागची, चाकं दुसऱ्या जागची, हँडल तिसऱ्याच कुणाच्या माळ्यावरचं, आणि जे मिळत नाही ते चिंचवडच्या वर्कशॉपमध्ये उभं राहून करून घेतलेलं. रंग माझा, पट्टे माझे. रविवारी सकाळी मोशीवरून चाकणकडे निघालो की तिशीतली आयटीवाली पोरं सिग्नलला शेजारी थांबतात आणि विचारतात, “अंकल, हे मॉडेल कुठलं?” मी सांगतो, “थेरगावचं.” मला त्यात आनंद आहे आणि तो मी लपवत नाही.

भिंतीवर सगळ्यात वर जी पिवळी फ्रेम टांगली आहे, तिला चाकं नाहीत. तिच्यावर मी आयुष्यात एकदाच बसलो, जेमतेम चार किलोमीटर. तिचीच हकीकत इथं लिहायची आहे.

तेव्हा आम्ही थेरगावात, डांगे चौकापासून आत, पत्र्याच्या ओळीतल्या दोन खोल्यांत राहायचो. सहा बिऱ्हाडं, एक नळ. आमच्या आणि सोनवणे काकांच्या घरामध्ये अर्ध्या विटेची भिंत होती. त्या भिंतीला कान होते म्हणण्यापेक्षा ती सगळी कानच होती. काकू फोडणीला काय टाकतात ते आईला इकडे कळायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, पिंपरीच्या एका कंपनीत टर्नर होते. बीडकडून आलेला माणूस, लहानपणी शाळा नाहीच, पण लेथवर उभा राहिला की इंजिनिअर लोक मागे हात बांधून बघत राहायचे. सोनवणे काका त्याच कंपनीत पेंट शॉपला, रंग भाजायच्या ओव्हनवर. पहिली शिफ्ट असली की पहाटे काका स्टीलच्या पेल्यानं भिंतीवर तीन टोले द्यायचे, म्हणजे ‘उठलास का’. अण्णा इकडून मुठीनं दोन द्यायचे, म्हणजे ‘उठलो’. मग स्टोव्हचा भपका, मग आईच्या भाकरीची थाप. माझी कॉलेजची सगळी वर्षं याच तीन आवाजांवर उजाडली.

आमच्याकडं आई सुकट शिजवू द्यायची नाही. काकूंच्या डब्यात ती हमखास असायची. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत अण्णा आपली येसराची आमटी काकांपुढे सरकवायचे आणि त्यांची सुकट चापायचे, आणि घरी आल्यावर अगदी साळसूद चेहरा करायचे. आई हंडा उचलता उचलता म्हणायची, “मिशीला वास यायलाय म्हटलं. आधी तोंड धुवा, मग मला चहा मागा.” अण्णा म्हणायचे, “ओव्हनचा वास आहे तो.” भिंतीपलीकडून काकांचं हसणं ऐकू यायचं.

कंपनीत नवं मशीन बसवायला एक परदेशी साहेब आला होता. त्याचं नाव कुणाला धड घेता यायचं नाही, म्हणून सगळे त्याला लांब्या साहेब म्हणायचे. हा गडी गाडी सोडून सायकलवर कामाला यायचा. सायकल अशी की एका बोटावर उचलावी. एकदा देहूरोडला म्हैस आडवी आली आणि मागच्या चाकातला कोन, म्हणजे छर्रे ज्यावर फिरतात तो तुकडा, फुटला. तसला कोन अख्ख्या पुण्यात मिळेना. अण्णांनी फुटका तुकडा मापाला घेतला आणि दोन दिवसांत नवा काढून दिला. साहेबानं चाक फिरवलं, कान लावला, आणि अण्णांचा तेलकट हात दोन्ही हातांत धरला. वर्षानं परत जाताना तो ती सायकल अण्णांनाच देऊन गेला. अण्णा ती हातात धरून पिंपरीपासून थेरगावापर्यंत चालत आले. बसायचं धाडस झालं नाही म्हणाले. “सीट आहे का सुरी?”

ती सायकल आमच्या बाहेरच्या खोलीत पाहुण्यासारखी राहिली. मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत, आजोळ धरून, कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. चाळीतली पत्रं मी वाचायचो, रेशन ऑफिसचे फॉर्म मी भरायचो, आणि अण्णा ओळखपाळख नसलेल्या माणसालाही सांगायचे, “हा आमचा दत्ता. सगळं वाचता येतं त्याला, इंग्लिशसुद्धा.” हे ऐकायला मला फार आवडायचं. आता प्रामाणिकपणे लिहितो, इंग्लिश मला परीक्षेपुरतंच यायचं. मराठी माध्यमाचा मुलगा मी, गाईड पाठ करून पास होणारा. पण ‘येत नाही’ हे दोन शब्द माझ्या तोंडून निघायचे नाहीत. अण्णांच्या चेहऱ्यावरचा तो भाव मला मोडायचा नव्हता, आणि माझा स्वतःचा तोरा तर त्याहून नाही.

साहेबाची सायकल राखाडी होती, जागोजाग खरवडलेली. मला ती पिवळी हवी होती. कंपनीत फोर्कलिफ्टला देतात तो पिवळा, लांबून डोळ्यात भरणारा. एका रविवारी अण्णांनी आणि मी ती पूर्ण मोकळी केली. चाकं, चेन, गिअर, चिमटा, सगळं वर्तमानपत्रावर क्रमानं मांडलं. उरली नुसती फ्रेम. अण्णांनी तिच्या सांध्यांवरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्यांदा फिरवला, मग चष्मा लावला.

“दत्ता, ही जोडलीय कशी? वेल्डिंगची रेघ कुठंच लागत नाही.”

“आतून असेल.”

“आतून कसं करतील? नळीत माणूस बसवून?” त्यांनी फ्रेम उलटी केली. खाली, पायडलच्या जागेजवळ, एक चांदीच्या रंगाचं स्टिकर होतं, मुंगीएवढ्या अक्षरांचं. “इथं काहीतरी लिहिलंय बघ. काय म्हणतंय?”

मी बघितलं. चार-पाच भाषांत लिहिलं होतं, त्यात एक इंग्लिश. दोन ओळी. त्यातले दोन शब्द मला कळले नाहीत. खोलीत कपाटावर डिक्शनरी होती, हात केला असता तर मिळाली असती. आई बघत होती. भिंतीपलीकडून काकाही येऊन दारात उभे होते, फ्रेम न्यायला.

“काही नाही,” मी म्हणालो. “कंपनीची जाहिरात आहे.”

“बरं,” अण्णा म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. शिकलेला मुलगा म्हणतोय म्हटल्यावर विषय संपला. मी ओल्या फडक्यानं ते स्टिकर अलगद सोडवलं आणि माझ्या वहीत चिकटवलं. काडेपेट्यांची लेबलं, सायकलींची स्टिकरं, असलं काय काय मी त्या वहीत जमवायचो. आज जी खोली भरली आहे तिची सुरुवात त्या वहीत आहे, असं बायको म्हणते.

काकांनी फोरमनच्या कानावर घालून, शेवटच्या हँगरवर एक जागा मोकळी होती तिथं आमची फ्रेम टांगली. फोर्कलिफ्टच्या भागांबरोबर ती पिवळी झाली आणि त्यांच्याबरोबरच ओव्हनमधून भाजून निघाली. घरी आली तेव्हा ओळीतली सहाही बिऱ्हाडं बघायला आली. काकांनी रंगावर नख ओढून दाखवलं, चराही उठला नाही. “माझ्या ओव्हनचा रंग पोपडे धरत नाही,” ते म्हणाले. काका गप्प माणूस, पण ओव्हनबद्दल बोलताना त्यांची छाती पुढे यायची. अण्णा म्हणाले, “आता हिला नजर लागंल.” आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या.

रात्री अण्णांनी आणि मी ती परत जोडली, आणि दुसऱ्या दिवशी मी पुनावळ्याच्या उतारावर निघालो. तेव्हा तिथं दोन्ही बाजूंना शेतं होती. हात हँडलच्या खालच्या वाकाला, पाठ आडवी, कानात फक्त वारा. त्या चार किलोमीटरात मला जे झालं ते सांगता येत नाही, अकरा सायकली घेऊनही ते पुन्हा तितकं झालेलं नाही. मग पुढून एक कट् असा आवाज आला. हँडल एकीकडे गेलं, मी दुसरीकडे. शुद्धीवर आलो तेव्हा दात अर्धा तुटला होता, हनुवटीतून रक्त वाहत होतं, आणि फ्रेमची खालची नळी सांध्याच्या खोबणीतून सरळ बाहेर आलेली होती. मोडली नव्हती. शेंगेतून दाणा निघावा तशी निघाली होती.

हनुवटीला पाच टाके पडले. अण्णांनी ती फ्रेम घरात आणली, खोबणीत बोट घातलं. बोटाला तपकिरी, जळकी भुकटी लागली. ते तसेच उठून कंपनीत गेले, दुपारच्या पाळीला, पेंट शॉपमध्ये. हे मी नंतर इतरांकडून ऐकलं. सगळ्या लोकांसमोर त्यांनी काकांना विचारलं, “ओव्हन लावून झोपला होतास काय रे?”

काका म्हणाले, “शिंदे, नीट बोल. इतक्या वर्षांत माझा एक हँगर करपला नाही.”

“मग माझ्याच पोराचा बरा करपला.”

कामगार माणसाला शिवी दिली तर तो चार देऊन मोकळा होतो. कामावर झोपला म्हटलं तर त्याला उत्तर नसतं. आणि फोरमन तिथंच उभा होता. घरचं काम आत घेऊन त्यात माणूस जखमी झाला, ही भानगड त्याला स्वतःवर नको होती. आठवडाभरात काकांना ओव्हनवरून काढून पॅकिंगला टाकलं. पगार तोच, काम खोकी बांधायचं. ओव्हनवर दुसरा माणूस आला.

पहाटेचे टोले बंद झाले. अण्णांनी गजराचं घड्याळ आणलं. ते किरकिरायचं तेव्हा भिंतीपलीकडेही माणसं जागी झाल्याचं कळायचं, पण कुणी काही वाजवायचं नाही. नळावर काकू आणि आई एकमेकींना जागा द्यायच्या, बोलायच्या नाहीत. अण्णांच्या मिशीला सुकटीचा वास येईनासा झाला. एकदा आईच म्हणाली, “वास येत होता तेच बरं होतं.”

टाके होते म्हणून मी घरीच होतो. वेळ जाईना, तेव्हा वही काढली. ते स्टिकर समोर आलं. या वेळी खोलीत कुणी नव्हतं, म्हणून मी डिक्शनरी काढली. दोन शब्द शोधायला दोन मिनिटं लागली. ‘या फ्रेमच्या नळ्या चिकटवून जोडलेल्या आहेत. फ्रेमला उष्णता देऊ नये.’

मी वही मिटली. पुन्हा उघडली. मजकूर तोच होता.

तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात माझा निकाल लागला. सेकंड क्लास. अण्णांनी ओळीत, कंपनीत, चौकातल्या पानवाल्यालासुद्धा पेढे दिले. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. सोनवण्यांचं एक घर सोडून सगळीकडे पेढे गेले. संध्याकाळी काकू आपणहून आमच्या दारात आल्या, माझ्या हातावर साखर ठेवली आणि म्हणाल्या, “दत्ता, मोठा हो बाबा.” आणि लगेच वळून गेल्या. ती साखर मी किती वेळ मुठीत धरून बसलो होतो. पार चिकट झाली, खाल्ली नाही. तरीही बोललो नाही. आज मी कुणाला भीत नाही, मोठ्या साहेबांना तोंडावर चूक सांगून नोकरी केली आणि ताठ मानेनं रिटायर झालो. पण त्या दिवसांतल्या दत्ताला विचाराल तर तो भित्रा होता, आणि शिकल्यामुळे भित्रा झाला होता.

खंडेनवमीला आमच्या कंपनीत घरच्यांना आत सोडायचे. सगळ्या पिंपरी-चिंचवडमध्ये हा रिवाज आहे, अजूनही. मशीन बंद, धुऊनपुसून लख्ख, झेंडूचे हार, बायका ठेवणीतल्या साड्यांत, पोरं धावतायत, आणि एरवी कुणी विचारत नाही तो बाप आपल्या मशीनशेजारी राजासारखा उभा. काका जय भीमवाले, ते पूजा करत नसत. पण त्या दिवशी ओव्हन पुसायचा तो त्यांनीच. काठावर चढून, दाराच्या खाचांत कापडाचं टोक घालून, असा पुसायचे की हार घातलेल्या मशीनपेक्षा तो जास्त चमकायचा. वर्षानुवर्षं मी बघितलेलं होतं.

त्या वर्षी अण्णा मला घेऊन शॉपमधून फिरले. “हा आमचा दत्ता. बी.कॉम. झाला.” वही मी शर्टाच्या आत पोटाशी खोचून नेली होती. बोलायचं नक्की ठरवलं होतं असं नाही. नुसती नेली होती. पेंट शॉपला आलो तर ओव्हनला हार होता, पण दारावर रंगाच्या पावडरीचा थर तसाच. आणि लांब, पॅकिंगच्या कोपऱ्यात, खोक्यांच्या ढिगाशेजारी काका उभे होते, नवा शर्ट घालून. सणाला ज्याला उभं राहायला मशीन नाही असा तिथं तो एकच माणूस होता. काकू त्यांच्या शेजारी होत्या. हातात घडी घातलेलं फडकं होतं. घरून आणलं असणार.

फोरमन पेढा देत मला म्हणाला, “काय पदवीधर, आता पुढं काय?”

मी वही काढली. “अण्णा, काकांची चूक नाहीये,” मी म्हणालो, आणि आवाज फार मोठा निघाला, कारण मशीन बंद होती. मी स्टिकर आधी इंग्लिशमध्ये वाचलं, मग मराठीत. मग म्हणालो, “तुम्ही विचारलं तेव्हा मला कळलं नव्हतं. मी जाहिरात म्हणून सांगितलं.”

पॅकिंगच्या कोपऱ्यातून काका सावकाश आले. वही हातात घेतली, जणू त्यांना ते वाचता येणार होतं.

“चिकटवलेली?” ते म्हणाले. “अरे येड्या, मी सहा वर्षं ब्रेक-शूला होतो. लायनिंग चिकटवायचो. वाईट निघालं की सोडवायला कुठं घालायचो माहितीय? ओव्हनात. नुसतं वाचून दाखवलं असतंस तर मी तिला ओव्हनाच्या जवळसुद्धा नेलं नसतं.”

मी अण्णांकडे बघायचं टाळत होतो. ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते काकूंजवळ गेले, त्यांच्या हातातलं फडकं घेतलं, आणि ओव्हनपाशी येऊन, हार बाजूला सारून, दार पुसायला लागले. ठेवणीतला पांढरा शर्ट. बाहीला पिवळी पावडर लागली. सगळा शॉप बघत होता. काकांच्यानं राहवलं नाही.

“शिंदे, उलटा हात मारतोयस. वरून खाली.”

“मग तू ये की,” अण्णा न वळता म्हणाले. “माझं तोंडच चालतं नुसतं. ते लय चाललं.” आणि फोरमनला म्हणाले, “साहेब, याचा ओव्हन याला द्या. मी बोललो ते खोटं होतं.”

“सणाच्या दिवशी काय हे,” फोरमन म्हणाला. पण पॅकिंगला नवा माणूस तो दसऱ्यानंतर शोधायला लागला, हे खरं.

घरी येताना डांगे चौकात अण्णा थांबले. तिथं म्हणाले, “कळलं नाही म्हणाला असतास तर काय झालं असतं?”

“लाज वाटली.”

“मला सही करायला तिसावं वर्ष उजाडलं. शाळेतल्या बाईंनी माझा हात धरून गिरवून घेतलं, पोरांच्या वर्गात बसवून. मला नाही वाटली.” थोडं चालून ते म्हणाले, “पेढे वाटले ते वाटले. ते परत घेत नाही.”

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, गजर व्हायच्या आत, भिंतीवर पेल्याचे तीन टोले पडले. अण्णा जागे होते. उठून बसले, मूठ वळली, आणि हात तसाच ठेवून मला म्हणाले, “तू वाजव.” मी दोन वाजवले.

काकांनी पुढं ती नळी परत चिकटवून दिली, पक्की. पण अण्णांनी मला तिच्यावर बसू दिलं नाही, म्हणून ती भिंतीवर गेली, आणि सोबत स्टिकरही मूळ जागी. तेव्हापासून अण्णा शेवटपर्यंत माझ्याकडून सगळं वाचून घ्यायचे, लाइटबिल, औषधाची पट्टी, बिस्किटाचा पुडासुद्धा, आणि म्हणायचे, “बारीक पण वाच.” कळलं नाही तर मी तसं सांगायचो. मग आम्ही दोघं मिळून कुणाला तरी विचारायचो.

काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. मागच्या महिन्यात मुलाबरोबर आमच्याकडे आले. मी त्यांना माझी अकरावी दाखवली, नवीन कार्बनची, मी स्वतः रंगवलेली, पिवळीच. त्यांनी एका हातानं ती उचलली, मग अंगठा सांध्यावरून फिरवला, मग दुसऱ्यांदा फिरवला.

“हीसुद्धा चिकटवलेलीच का रे?”

“अख्खी, काका. हिच्यात दुसरं काहीच नाही.”

“कागद वाचलास?”

मी टेबलावरचं तिचं माहितीपुस्तक आणलं, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून त्यांना वाचून दाखवायला लागलो. चौथ्या पानावर एक शब्द अडला. काका डोळे मिटून ऐकत होते.

“हा कळला नाही,” मी म्हणालो.

“बघ मग,” ते म्हणाले. “मला कुठं शिफ्टला जायचंय.”